पानवेलीची तहान
(प्रौढांच्या वर्गापुढे दिलेले भाषण)



मी एक निवृत्त मुख्याध्यापक. जुन्या अकरावीचा मॅट्रिक. माणदेशातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत माझा जन्म गेला. आज तुमच्या वर्गापुढे बोलायला मला बोलावले. तुम्हाला वाटले असेल, गुरुजी आले, आता मोठमोठ्या गोष्टी सांगणार. तसे काही नाही. मी आज एका वेलीची गोष्ट सांगणार आहे. घरात डब्यात लावलेली साधी पानवेल. आपण विडा खातो, त्या पानाची.

ही वेल मी मारली. पाणी न घालून नव्हे, पाणी घालून मारली. कशी मारली, ते सांगतो. आणि दुसरी कशी जगवली, तेही सांगतो. घरात झाडे ठेवण्याची हौस आता खेड्यातही आली आहे. तुमच्यापैकी कुणाच्या सोप्यात पानवेल असेल, कुणाकडे नेचा असेल, कुणाकडे मनी प्लांट असेल. फाल्गुन-चैत्रात त्यांची पाने कडेने करपतात. मग आपण तेच करतो, जे मी केले. म्हणून ऐका.

वेल कोकणातून आली

माझी पत्नी कोकणातली. रत्नागिरी जिल्ह्यातली. तिच्या माहेरी विहिरीजवळ पोफळी आहेत. पोफळीवर पानवेली चढलेल्या. तिथली हवाच ओली. पावसाळ्यात तर कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत.

आणि आमचे गाव माणदेशात. सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस पडून जातो, आमच्याकडे उरलासुरला येतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. माणदेशात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक.

१९८५ सालची गोष्ट. आमच्या लग्नाला एक वर्ष झाले होते. पावसाळ्याच्या तोंडाला माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या. येताना त्यांनी पानवेलीचा एक फुटवा आणला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला, वरून केळीचे पान. लेकीला म्हणाल्या, "तुझ्या दारात आपलं पान असू दे."

आम्ही तो फुटवा पत्र्याच्या रिकाम्या डब्यात लावला. सोप्यात खिडकीशी ठेवला. पावसाळ्याचे दिवस होते. वेल लागली. दसऱ्यापर्यंत खिडकीच्या गजांवर चढली. पाने तळहाताएवढी झाली.

पौषात सासूबाई वारल्या. पत्नी माहेरी जाऊन आली. आल्यावर ती रोज सकाळी त्या वेलीजवळ जराशी उभी राहायची. बोलायची नाही. मी बघत होतो.

मी काय केले

माघ संपत आला. थंडी सरली, कोरडा वारा सुटला. वेलीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मग त्या कुरकुरीत झाल्या. माझ्या पोटात कालवले. वाटले, वेल तहानली आहे. मी सकाळी एक तांब्या पाणी घालू लागलो. कडा आणखी करपल्या. मग दुपारी एक, संध्याकाळी एक. दिवसाला तीन तांबे!

त्या वर्षी गावची विहीर तळाला गेली होती. पत्नी पाऊण मैलावरून घागरी आणत होती. मी वेलीला घालत होतो ते पाणी तिच्याच डोक्यावरून आलेले. तरी ती एका शब्दाने बोलली नाही. तिलाही वेल जगायला हवी होती.

आमच्या शेजारी एक आक्का राहायच्या. मिरजेच्या बाजूला पानमळ्यात त्यांनी वीस वर्षे मजुरी केली होती. पाने खुडायची, वेली बांधायच्या, हेच काम. त्यांना अक्षरओळख नव्हती. एक दिवस त्या सोप्यात आल्या. वेलीकडे बघितले. डब्यातल्या मातीत बोट घातले. मग म्हणाल्या,

"गुरुजी, पानी बंद करा. हिची मुळं तहानल्याली न्हाईत. पानं तहानल्यात."

मला हसू आले. मी म्हणालो, "आक्का, पान पाणी पितं का? पाणी मूळ पितं. मी हेच पोरांना शिकवतो."

आक्का म्हणाल्या, "तुमी शिकिवता ते खरं आसंल. पर ही हवा पानातलं पानी वडून न्हेतीया. मुळाला कितीबी पाजा."

मी ऐकले नाही. खरे कारण सांगू? ज्यांना सही येत नाही, त्या मला झाडाबद्दल काय शिकवणार, असे माझ्या मनात आले. आज सांगायला लाज वाटते. पण सांगितलेच पाहिजे.

चैत्रात वेल मान टाकून पडली. मी आणखी पाणी घातले. आठ दिवसांत संपली. आक्कांनी ती डब्यातून उपसली. मुळ्या काळ्या पडलेल्या. हाताला बुळबुळीत. घाण वास. डब्याच्या तळाला भोक नव्हते. खाली चिखल साचला होता.

पत्नीने तो डबा धुतला आणि भिंतीशी पालथा घातला. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

हवेतली ओल म्हणजे काय

आता आक्कांचे म्हणणे कसे खरे होते, ते समजून घेऊ.

हवेत पाणी असते. ते दिसत नाही, कारण ते वाफेच्या रूपात असते. या ओलीला वर्तमानपत्रात 'आर्द्रता' म्हणतात. हवामानाच्या बातमीत 'आर्द्रता ३० टक्के' असे छापलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. उद्या हा शब्द शोधून पाहा.

त्याचा अर्थ असा. त्या वेळी हवेत जेवढी वाफ मावू शकते, तिला शंभर भाग धरा. त्यांपैकी तीसच भाग आहेत. सत्तर भाग जागा मोकळी आहे. ही मोकळी जागा म्हणजे हवेची भूक. जिथे ओले दिसेल तिथून हवा पाणी उचलते. ओल्या लुगड्यातून, आपल्या ओठांतून, झाडाच्या पानांतून.

एक गंमत सांगतो. हवा जितकी तापते, तितकी तिची भूक वाढते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली घ्या. हवा २० अंश असेल, तर त्या खोलीत सुमारे अर्धा लिटर पाण्याची वाफ मावते. हवा ४० अंश झाली, की जवळजवळ दीड लिटर पाण्याची वाफ मावते. म्हणजे पहाटे जी हवा ओलीने भरलेली होती, तीच दुपारी तापली की एक तृतीयांशच भरलेली राहते. पाणी तेवढेच, भूक तिप्पट. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी ओला पंचा बघता बघता वाळतो.

घरातली हवा ओली की कोरडी, हे ओळखायला यंत्र लागत नाही. डब्यातला पापड सादळला, तर हवा ओली आहे. मिठाला पाणी सुटले, तर हवा फारच ओली आहे. शंभरात ७५ च्या वर ओल गेली, की चांगले मीठसुद्धा पाझरू लागते. उलट पापड कुरकुरीत राहिला, ओठ फुटले, दाराच्या फळ्यांत फटी पडल्या, तर हवा कोरडी आहे.

पानाच्या कडाच का करपतात

पानाला, विशेषतः खालच्या बाजूला, बारीक बारीक भोके असतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. या भोकांतून झाड हवा घेते आणि वाफ सोडते. वाफ गेली की खालून मुळाचे पाणी वर ओढले जाते.

आता आपल्या शेतातला पाट आठवा. विहिरीवर मोटर चालू आहे. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाते आहे. ऊन कडक असले, पाणी कमी पडले, तर आधी कोणता वाफा सुकतो? शेवटचा. पानाची कड म्हणजे पाटाचा शेवटचा वाफा. हवा वरून भराभर पाणी ओढते. मुळी तेवढ्या वेगाने पुरवू शकत नाही. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. म्हणून कड आधी करपते.

मग जास्त पाणी घातले तर? मुळीची ओढण्याची ताकद ठरलेली आहे. माती ओली असताना आणखी पाणी घातले, तर मुळीला ते ओढता येत नाही. उलट मातीतली हवा निघून जाते. शेतकऱ्याला मी काय सांगू? तुम्ही वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालत नाही. वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे. मुळीला असा वाफसा लागतो. डब्यातली माती चिबड झाली, की मुळी गुदमरते, कुजते. कुजलेल्या मुळीला पाणी ओढता येत नाही. मग वेल मान टाकते. आपल्याला वाटते, तहानली. आपण आणखी पाणी घालतो. असे हे दुष्टचक्र आहे. मी त्याच चक्रात वेल मारली.

म्हणून पहिला धडा हा. पाने कोरडी दिसली, तरी आधी मातीत बोट घाला. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती ओली लागली, तर पाणी घालू नका. दोष मातीत नाही, हवेत आहे.

पानमळ्यात काय करतात

त्या चैत्रात मी आक्कांच्या दारात गेलो. म्हणालो, "आक्का, माझं चुकलं. पानमळ्यात वेल कशी जगवता, ते मला सांगा."

आक्कांनी उगाळत बसल्या नाहीत. लगेच सांगायला लागल्या. मी वही घेऊन बसलो. मुख्य गोष्टी अशा.

पानमळा करणारा आधी वेल लावत नाही. आधी झाडे लावतो. शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा. ही झाडे वेलीला आधार देतात आणि सावली देतात. कडेला दाट कुंपण करतात. त्यामुळे कोरडा वारा आत शिरत नाही. आत पाणी द्यायचे ते थोडे आणि वारंवार. साचू द्यायचे नाही. वेली दाटीने असतात. प्रत्येक वेलीच्या पानांतून वाफ निघते, ती वाऱ्याने उडून जात नाही. तिथेच राहते. एकीची वाफ दुसरीच्या उपयोगी पडते. भर उन्हात मळ्यात शिरा, अंगाला गारवा लागतो.

म्हणजे काय, बघा. पानवेल ही मूळची दमट मुलखातली. मिरीच्या कुळातली. कोरड्या मुलखातल्या शेतकऱ्याने काय केले? त्याने सगळ्या गावची हवा बदलली नाही. वेलीभोवतीची तेवढी हवा बदलली. घरातही आपल्याला एवढेच करायचे आहे.

आम्ही दुसरी वेल कशी जगवली

१९८६ च्या पावसाळ्यात माझे मेहुणे आले. त्याच विहिरीजवळच्या वेलीचे तीन तुकडे त्यांनी आणले. प्रत्येकाला चार-चार पेरे. या खेपेस मी आक्कांना विचारल्याशिवाय मातीला हात लावला नाही.

कुंडी. आम्ही मातीची कुंडी घेतली. तळाला भोक. भोकावर खापराचे तुकडे ठेवले. त्यावर पोयटा माती, जुने शेणखत आणि थोडी वाळू. पाणी घातले की तळातून निघून गेले पाहिजे. निचरा नाही तर काही नाही.

जागा. सोप्यातली खिडकी पश्चिमेची होती. दुपारचे ऊन आणि वारा तिथूनच यायचा. ती जागा सोडली. न्हाणीघराजवळ पूर्वेची एक खिडकी होती. सकाळचे कोवळे ऊन, नंतर नुसता उजेड. शेजारी तिवईवर पाण्याचा माठ. माठ पाझरतो, त्याची वाफ होते, म्हणून पाणी गार होते. तीच वाफ वेलीला मिळू लागली. चुलीपासून वेल दूर ठेवली. चुलीची धग हवा आणखी भुकेली करते.

सोबत. वेल एकटी ठेवली नाही. शेजारी अळूची कुंडी, नेच्याची कुंडी. पानमळ्यातल्या दाटीसारखी दाटी केली. पण पाने एकमेकांवर दाबली जाणार नाहीत एवढे अंतर ठेवले.

पडदा. फाल्गुन ते वैशाख, दुपारी खिडकीला ओले गोणपाट लावले. कोरडा वारा त्यातून आला की गार आणि ओला होऊन येतो. विदर्भात वाळ्याचे पडदे लावतात, ते याच कारणाने. पाणी कोणते? तांदूळ धुतल्याचे, भाजी धुतल्याचे. घागरीतले नवे पाणी नाही.

परात. पसरट परातीत खडे पसरले, त्यात थोडे पाणी घातले आणि खड्यांवर कुंडी ठेवली. कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये. बुडला, की पुन्हा मुळी कुजते.

पाने पुसणे. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसली. धूळ जाते. दुसरे असे, की कोरड्या गरम हवेत लाल कोळी नावाची बारीक कीड फार वाढते. पानावर फिकट ठिपके दिसतात, खालच्या बाजूला बारीक जाळे दिसते. पाने धुतली-पुसली, तर ही कीड जोर धरत नाही.

आता प्रामाणिकपणे सांगतो. या सगळ्या उपायांचे वजन सारखे नाही. पुष्कळ लोक पानांवर पाणी शिंपडतात. त्याने पाने स्वच्छ होतात, पण ओल फार वेळ टिकत नाही. मघाशी खोलीचा हिशोब सांगितला ना? हवेची भूक लिटरात आहे आणि आपण चमचाभर पाणी शिंपडतो. शिवाय दार उघडे असते. परातीचेही तसेच. थोडा फायदा होतो, फार नाही. खरा फायदा तीन गोष्टींचा. वारा अडवणे, जागा बदलणे आणि झाडे एकत्र ठेवणे. ओल वाढवण्याआधी असलेली ओल जाऊ न देणे, हे महत्त्वाचे.

बाटलीतला नेचा

ओल जाऊ न देण्यावरून एक गोष्ट आठवली. लंडन शहरात वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेच्याच्या झाडांची हौस. पण शहरात कोळशाचा धूर फार. नेचे जगेनात. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून काचेच्या बाटलीत बंद केला. पतंग कसा बाहेर येतो, ते त्यांना बघायचे होते. काही दिवसांनी बघतात तो बाटलीत नेचा आणि गवत उगवलेले! बाहेर मरणारा नेचा बाटलीत वाढत होता. दिवसा मातीतली वाफ वर जाई, काचेला लागून थेंब होई, पुन्हा मातीत पडे. तेच पाणी पुन्हा पुन्हा. जवळजवळ चार वर्षे तो नेचा तसा जगला.

मग त्यांनी काचेच्या पेट्या केल्या. १८३३ साली अशा पेट्यांत झाडे भरून ती जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवली. कित्येक महिन्यांचा खारट वाऱ्याचा प्रवास. तरी झाडे हिरवीगार पोचली. पुढे याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसाने १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची हजारो रोपे हिंदुस्थानात आणली. ती हिमालयाच्या उतारावर लावली. आपण सकाळी चहा पितो, त्याच्या इतिहासात अशी एक काचेची पेटी आहे.

आपल्याला काचेची पेटी कशाला हवी? तुकडा लावताना त्याला मुळ्या नसतात. तेव्हाच त्याला ओल्या हवेची सर्वांत जास्त गरज असते. प्लास्टिकची मोठी बाटली घ्या, तळ कापा आणि तुकड्यावर टोपीसारखी घाला. झाकण दिवसातून एकदा थोडा वेळ उघडा. उन्हात मात्र ठेवू नका. आत तापून रोप शिजेल. नवी पालवी फुटली, की बाटली हळूहळू काढा. आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग कायमची. एकदम काढली तर रोप सुकते.

सावधगिरी

आता एक गोष्ट घट्ट ध्यानात धरा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. परातीतले पाणी, कुलरच्या टाकीतले पाणी, कुंडीखालच्या बशीतले पाणी, सगळे आठवड्यातून एक दिवस ओतून टाका. भांडे घासून कोरडे करा. तो कोरडा दिवस पाळा. वेल जगवण्याच्या नादात घरातले मूल तापाने फणफणले, तर त्या वेलीचा काय उपयोग?

दुसरे, ओलीचाही अतिरेक नको. भिंतीला बुरशी आली, कोंदट वास येऊ लागला, तर खिडक्या उघडा. ते माणसालाही वाईट आणि झाडालाही.

तिसरे, सगळ्या झाडांना हा नियम लावू नका. कोरफडीला कोरडी हवा चालते. तिच्यासाठी ओले गोणपाट लावाल तर ती कुजेल. झाड मूळचे कुठले, हे आधी विचारा.

श्रोत्यांचे प्रश्न

भाषणानंतर मंडळींनी प्रश्न विचारले. त्यांतले काही असे.

एक भगिनी : गुरुजी, माझा मुलगा शहरात राहतो. त्याच्या खोलीत थंड हवेचे यंत्र आहे. तिथे दिलेली वेल वाळून गेली. थंड हवेत कशी वाळली?

उत्तर : ताई, ते यंत्र हवा गार करते आणि हवेतले पाणीही काढून घेते. बाहेरच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडते ना? ते त्या खोलीच्या हवेतलेच. कुलरचे उलटे आहे. कुलर ओल्या जाळीतून हवा ओढतो, म्हणून खोलीत ओल वाढते. पण वेल दोन्हींच्या झोतात ठेवू नये. पंख्याखालीही नको. वारा पानाजवळची ओल उडवून नेतो.

एक गृहस्थ : पाने पिवळी पडली तर काय समजावे?

उत्तर : कडा तपकिरी आणि कुरकुरीत, माती ओली, तर हवा कोरडी आहे. खालची पाने पिवळी, मऊ, माती चिबड, तर पाणी जास्त झाले आहे. सगळी वेल मलूल आणि माती खडखडीत, तर खरी तहान आहे. एकच रोग समजून एकच औषध करू नका. आणि एखादे जुने पान पिवळे पडून गळतेच. त्याची काळजी नको.

एक आजी : करपलेली कड पुन्हा हिरवी होती का?

उत्तर : नाही, आजी. गेली ती गेली. नवे पान कसे येते, ते बघायचे. नवे पान चांगले आले, की समजावे आपले बरोबर चालले आहे.

शेवटचे दोन शब्द

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांनी आमच्याही गावात तुमच्यासारखाच वर्ग निघाला. शिकवायला मी होतो. पहिल्या ओळीत आक्का बसायच्या. पन्नाशीच्या पुढचे वय. पाटीवर अक्षर वाकडे आले की स्वतःवरच चिडायच्या. मी सांगायचो, "आक्का, मुळी धरायला वेळ लागतो." त्या म्हणायच्या, "मग बाटलीत घालून ठिवा मला!"

सहा महिन्यांनी त्यांनी एका पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली. माझ्या घरी आल्या आणि वेलीजवळच्या खिळ्याला तो पुठ्ठा अडकवला. त्यावर लिहिले होते,

"आदी बोट घाला मग पानी घाला."

मी शुद्धलेखन सुधारले नाही. पत्नीने तो वाचला आणि कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसली. सासूबाईंच्या वेलीबद्दल त्या दिवशी आम्ही प्रथमच एकमेकांशी बोललो.

आक्का आता नाहीत. पुठ्ठा आहे. अक्षरे पुसट झाली आहेत. वेल मात्र जोमात आहे. मूळ कुंडीतली वेल पुढे म्हातारी झाली, पण तिचे तुकडे लावून नव्या वेली केल्या. गावात आता सात घरांत तिची पाने आहेत.

मंडळी, तुम्ही आता लिहा-वाचायला शिकलात. फार आनंदाची गोष्ट आहे. पण ज्याला वाचता येत नाही, त्याला काही कळत नाही, असे कधी समजू नका. मी तसे समजलो आणि एक वेल गमावली. पुस्तकातले वाचा, अनुभवी माणसाला विचारा आणि स्वतः मातीत बोट घालून बघा. तिन्ही गोष्टी करा.

ध्यानात ठेवा

१. पाने करपली म्हणजे माती कोरडी, असे नाही. हवा कोरडी असू शकते.
२. आधी मातीत बोट घालावे. ओल लागली तर पाणी घालू नये.
३. कुंडीच्या तळाला भोक हवेच.
४. कोरडा वारा, चूल, पंखा आणि दुपारचे ऊन यांपासून वेल दूर ठेवावी.
५. ओल आवडणारी झाडे एकत्र ठेवावी. माठाजवळची जागा चांगली.
६. परात, बशी, कुलर यांतले पाणी दर आठवड्याला ओतून भांडे कोरडे करावे.

वाचा आणि सांगा

१. पहिली वेल कशाने मेली?
२. पानाची कड आधी का करपते? शेतातल्या पाटाचे उदाहरण देऊन सांगा.
३. हवा ओली की कोरडी, हे तुम्ही तुमच्या घरात कसे ओळखाल?
४. आक्कांनी पुठ्ठ्यावर काय लिहिले? तुम्ही तुमच्या घरासाठी अशी एक ओळ लिहा.